बंद आहे, पण कुठल्या थरात?

सकाळी ७

रात्रपाळीचा मुलगा हेल्मेट हातात घेऊनच बोलतो. "मॅडम, पंचवटीत एक पोर्ट पडलंय, दिंडोरी रोडला एक. दोन्ही साडेसहाच्या सुमारास. फोन सुरू झालेत." एवढं सांगून तो जिना उतरून जातोही.

आमची कंपनी मूळची केबल टीव्हीवाल्यांची. ज्या गच्च्यांवरून आणि खांबांवरून एकेकाळी चॅनेल पोचवले, त्याच वाटांनी आता फायबर ओढलंय. नाशिक शहर, सातपूर-अंबडची एमआयडीसी आणि दिंडोरीकडची काही गावं एवढा आमचा पसारा. माझी खुर्ची एनओसीत, म्हणजे जिथे सगळ्या तक्रारी येऊन आदळतात त्या खोलीत. ग्राहकाकडून वाक्य एकच येतं, "नेट बंद आहे." ते खोटं कधीच नसतं, फक्त त्यात माहिती काही नसते.

कारण नेट ही एक वस्तू नाही, थरांची उतरंड आहे. तळाला काच आणि प्रकाश. त्यावर इथरनेटची फ्रेम, ती एका यंत्रापासून शेजारच्या यंत्रापर्यंतच जाते. त्यावर आयपी, जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंतचा पत्ता सांभाळणारा. त्यावर टीसीपी, काय पोचलं आणि काय गळलं याचा हिशेब ठेवणारा. आणि सगळ्यात वर ग्राहकाला दिसतं ते: बँक, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास. प्रत्येक थराने आपल्यापुरतं बघायचं. वरच्याने दिलेल्या मालात डोकवायचं नाही, खालचा तो कसा नेणार हे विचारायचं नाही. एकमेकांना न विचारण्याच्या या करारावर इंटरनेट उभं राहिलं. म्हणूनच तांब्याच्या तारेसाठी लिहिलेला प्रोग्राम काचेवरही चालतो आणि हवेतूनही. पण त्याच करारामुळे बिघाड कुठल्याही थरात झाला, तरी ग्राहकाला स्क्रीनवर तेच ते गोल फिरणारं चक्र दिसतं. तो करार दिवसभर मोडत बसणं हा माझा पगारी उद्योग.

सुरुवात नेहमी तळापासून. दोन्ही पोर्टवरचे, म्हणजे तिथून निघालेल्या फायबरवरचे, सगळे ग्राहक गेलेत, पण दोघांच्या जाण्यात फरक आहे. घरातल्या फायबरच्या डब्याला आम्ही ओएनटी म्हणतो. त्याची वीज गेली, की आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या चिमूटभर विजेवर तो काही मिलिसेकंद जगतो आणि तेवढ्यात "मी चाललो" असा एक निरोप पाठवतो. त्याला डाईंग गॅस्प म्हणतात. पंचवटीतल्या सगळ्या डब्यांचे असे निरोप आलेत, म्हणजे तिथे वीज गेलीय. माणूस पाठवायची गरज नाही. दिंडोरी रोडच्या एकाही डब्याचा निरोप नाही. डबे जिवंत आहेत, प्रकाश मेलाय. म्हणजे फायबर तुटलंय.

सकाळी ७:३०

तुटलं कुठे, ते ऑफिसात बसून कळतं. त्यासाठीच्या ओटीडीआर यंत्राने फायबरमध्ये प्रकाशाचा एक ठोका सोडायचा आणि परत काय येतं ते बघायचं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १ किलोमीटर जाऊन परत यायला १० मायक्रोसेकंद. पडद्यावरची रेघ हळूहळू उतरत जाते आणि २,३४० मीटरवर कड्यावरून पडावी तशी खाली येते.

मी स्प्लायसिंगवाल्या, म्हणजे तुटलेलं फायबर सांधणाऱ्या मामांना फोन लावते. "मामा, २,३४०."

"काचेचे ना ताई? मग रस्त्याचे २,२०० धरा. मधे दोन चेंबरमध्ये गुंडाळी आहे." क्षणभर थांबून ते म्हणतात, "पुलाच्या अलीकडे. काल तिथे जेसीबी उभा होताच."

२०२७ च्या सिंहस्थाआधीची रस्त्यांची कामं सुरू आहेत, त्यामुळे जेसीबी कुठे उभा आहे याची खबर आमच्याकडे हवामानाच्या अंदाजापेक्षा जास्त गांभीर्याने घेतली जाते. स्प्लायसिंग मशीन रात्री ऑफिसात चार्जिंगला होतं. ते घेऊन मीच निघते. खुर्चीवर महिनाभरापूर्वी रुजू झालेली मुलगी बसते.

सकाळी ८:१५

खड्ड्याच्या कडेला मामा मांडी घालून बसलेत. केबलच्या दोन्ही टोकांचं काळं आवरण सोललेलं, आतून बारा रंगांचे केसांसारखे तंतू बाहेर आलेत: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने. रंगाला रंग जुळवायचा. तंतूवरचं रंगीत प्लास्टिक ओरबाडून काढलं, की उरते ती ०.१२५ मिलिमीटरची काच. प्रकाश धावतो तो तिच्याही मध्यभागातून, साधारण ०.००९ मिलिमीटरच्या गाभ्यातून. मामा ती स्पिरिटच्या कागदाने पुसतात, क्लीव्हरमध्ये ठेवून कट्‌ करतात आणि दोन टोकं मशीनच्या खाचेत समोरासमोर ठेवतात. छोट्या पडद्यावर दोन दांड्या दिसतात, आपोआप सरळ होतात, एक ठिणगी उडते आणि मध्ये रेघही उरत नाही. मशीन सांगतं, नुकसान ०.०२ डीबी.

"झकास," मामा म्हणतात आणि सांध्यावर नळी सरकवून ती भट्टीत घालतात.

एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत दोनदा आठ-आठ वाटा होऊन जास्तीत जास्त ६४ घरांत जातो. प्रत्येक आठपदरी वाटपात दहा-साडेदहा डीबी खर्च होतात. निघताना +३ असलेला प्रकाश घरी पोचतो तेव्हा -२० च्या आसपास असतो. आमच्या डब्यांची मर्यादा -२७. त्याखाली डब्यावरचा लाल दिवा लागतो. आणखी एक गंमत अशी, की ६४ जणांचा माल प्रत्येकाच्याच घरी पोचतो. प्रत्येक डबा फक्त आपल्या नावाचा उचलतो, बाकीचा टाकून देतो, आणि माल कुलूपबंद असल्याने शेजाऱ्याचा वाचता येत नाही. मामांना यातलं वरचं काही ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्यांच्या थरात डीबी मोजतात. नऊच्या आत सगळे डबे हिरवे होतात.

सकाळी १०:३०

सातपूरच्या एका कारखान्यातून फोन. "मॅडम, सगळंच बंद. बिलिंग, ईमेल, हजेरीचं मशीनसुद्धा."

हजेरीचं मशीन इंटरनेटवर नसतं, ते त्यांच्या आतल्या नेटवर्कवर असतं. तेही बंद म्हणजे गडबड आमच्या फायबरच्या पलीकडे, त्यांच्या भिंतींच्या आत. तांत्रिकदृष्ट्या आमची जबाबदारी इथे संपते. पण हे सांगून सुटका होत नसते, म्हणून जाते.

सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालचं कपाट. आत पाऊल टाकायच्या आधीच निदान होतं: स्विचवरचे चोवीसही दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकतायत. नीट चाललेल्या स्विचचे दिवे बेताल असतात, ज्याचं काम त्याचा दिवा. सगळे एकसुरात लागले, की लूप. एक निळी वायर एका पोर्टातून निघून त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात गेलीय. साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळणारं टोक पाहिलं आणि चांगल्या मनाने मोकळ्या भोकात बसवलं.

"सर्वांसाठी" अशी फ्रेम स्विच प्रत्येक पोर्टातून बाहेर पाठवतो. लूप असेल तर ती फिरून परत येते, स्विच पुन्हा ती सर्वांना पाठवतो, आणि ती कधीच मरत नाही. कारण इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादाच नाही. वरच्या आयपी थरात ती आहे. तिथे प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक राऊटर तो एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट फेकतो. आयपी घडवणाऱ्यांना ठाऊक होतं, की अनोळखी जाळ्यांतून पॅकेट भटकणार. इथरनेट मात्र एका इमारतीसाठी जन्मलेलं. १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली, तेव्हा एकाच जाड वायरीवर सगळी यंत्रं टांगायची होती. तिथे गोल फिरायला जागाच नव्हती.

पुढे १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीची रीत काढली. स्विच आपसात बोलून वर्तुळं ओळखतात आणि एकेक वाट स्वतःहून बंद ठेवतात. या कपाटातला स्विच अगदी स्वस्तातला आहे, त्यात ती सोय नाही. मी वायर उपटते, दिवे शांत होतात. मॅनेजर विचारतात, "एवढंच?" एवढंच. चांगला स्विच घ्या म्हणून मी चिठ्ठी लिहून देते. घेणार नाहीत.

दुपारी १२:१५

खुर्चीवर परत. मुलीने सकाळभरात तीन तक्रारी नीट हाताळल्यात. चौथी माझ्यासाठी ठेवलीय: द्राक्षबागायतदार, पॅकिंग शेडमध्ये कॅमेरे लावलेत, ते शहरातून मोबाईलवर बघायचेत आणि जमत नाही.

"कॅमेरावाल्याने पत्ता टाकलाय ना, भाऊ?"

"टाकलाय. १०० पासून सुरू होतो तो."

तिथेच अडलंय. आयपीच्या जुन्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत आला. तेव्हापासून आमच्यासारखे छोटे पुरवठादार शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. घराला मिळतो तो १००.६४ पासूनच्या राखीव पट्ट्यातला, बाहेरच्या जगात अर्थ नसलेला पत्ता. मग परत येणारं उत्तर नेमकं कुणाचं, हे आमचं यंत्र कसं ओळखतं? टीसीपीच्या थरातला पोर्ट क्रमांक वाचून, बदलून, वहीत टिपून. म्हणजे पत्त्याच्या थरात बसलेल्या यंत्राने वरच्या थराचा कागद उघडायचा, त्यावर खाडाखोड करायची आणि खाली नवी चेकसम लिहून काही घडलंच नाही असं दाखवायचं. घरातून बाहेर जाणाऱ्याला हे कळतही नाही. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याची मात्र वहीत नोंदच नसते, म्हणून तो दारातच अडतो.

"म्हणजे मी पैसे देतो तो पत्ता माझा नाहीच?"

नाही, भाऊ. त्यांना दोन वाटा सांगते: महिना थोडे जास्त देऊन स्थिर पत्ता, किंवा सहाव्या आवृत्तीचा पत्ता. तो आम्ही आधीच दिलेला असतो, फक्त कॅमेऱ्याला तो समजायला हवा. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात पुढे आहे, त्यात मोबाईल कंपन्यांचा मोठा वाटा आहे. पण स्वस्त कॅमेरे बनवणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

याच वेळात एका सुजाण ग्राहकाचा ट्रेसरूटचा फोटो येतो. मधल्या तीन ओळींवर नुसत्या चांदण्या, खाली टोमणा: "तुमच्या नेटवर्कमध्ये भोकं आहेत." ट्रेसरूट ही स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून व्हॅन जेकबसन यांनी लिहिलेली सुंदर चलाखी आहे. मघाचा आयुष्याचा आकडा मुद्दाम १ ठेवून पॅकेट पाठवायचं, पहिला राऊटर ते मारतो आणि "तुझं पॅकेट मेलं" असं कळवतो, त्यावरून त्याचं नाव कळतं. मग २, मग ३. पण असं कळवणं ही राऊटरची सौजन्यसेवा आहे. कामात असेल किंवा तशी ताकीद असेल तर तो गप्प बसतो, पॅकेट मात्र पुढे जात राहतात. शेवटची ओळ आली असेल तर मधल्या चांदण्यांना अर्थ नाही. हे मी त्यांना मराठीत, सविस्तर, रागावून लिहिते. म्हणजे, न रागावता.

दुपारी २

डबा खाऊन होतो न होतो तोच आजचं खरं काम येतं.

अंबडला एका सीएंचं ऑफिस. तिथला मदतनीस फोनवर अगदी पद्धतशीर सांगतो, "मॅडम, गुगल चालतंय. यूट्यूब चालतंय. व्हॉट्सअ‍ॅप चालतंय. फक्त बँकेची साईट उघडत नाही. मोबाईलच्या डेटावर उघडते. बँकवाले म्हणतात, तुमच्या नेटचा प्रॉब्लेम."

काही चालतं आणि काही नाही, हे ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढते. काच तुटलेली नाही. पत्ता आहे. नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस ठीक आहे. तरी बंद.

त्यांच्या संगणकावर दुरून शिरून मी पॅकेट पकडणारा प्रोग्राम लावते. बँकेची साईट उघडायला सांगते. ओळी पडू लागतात. पहिली, आमच्याकडून: बोलू का? दुसरी, बँकेकडून: बोल, माझंही ऐकतोस ना? तिसरी: ऐकतो. टीसीपीचा हा तीन पावलांचा नमस्कार बिनचूक. मग आमच्या ब्राउझरचा पहिला निरोप जातो, बँक पोच देते. आता बँकेने आपलं प्रमाणपत्र पाठवायचं. आणि इथे गंमत: प्रमाणपत्राचा शेवटचा छोटा तुकडा येतो, सुरुवातीचे दोन मोठे येतच नाहीत. संगणक पुन्हा पुन्हा म्हणतो, आधीचे दे. बँक पुन्हा देते. पुन्हा येत नाहीत. लहान पोचतात, मोठे वाटेत नाहीसे होतात.

नेटवर्किंगच्या पुस्तकांत पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट असं चित्र असतं. वरच्या थराचा माल खालच्या थराने आपल्या पाकिटात घालायचा, वर आपला पत्ता लिहायचा. चित्र बरोबर आहे, फक्त त्यात एक गोष्ट नसते: प्रत्येक पाकिटाच्या कागदालाही जाडी असते. इथरनेटच्या पोटात मावतात १,५०० बाइट. त्यातले २० आयपीचे, २० टीसीपीचे, उरले १,४६०. पण आमच्यासारखे पुरवठादार ग्राहकाला लॉगिन करून जोडतात, त्यासाठी मध्ये पीपीपीओई नावाचा आणखी एक पातळ थर घुसवलेला असतो. तो फक्त ८ बाइटचा. त्या आठ बाइटांनी मावणारा माल १,५०० वरून १,४९२ वर येतो. बँकेला हे ठाऊक नाही. ती भरून १,५०० चं पॅकेट पाठवते, वर शिक्का मारते: तुकडे करू नयेत.

ते आमच्या दारात येतं, मावत नाही. नियमाप्रमाणे आमचा राऊटर बँकेला उलट कळवतो: "१,४९२ पेक्षा मोठं नको." ही सोय १९९० पासून लिखित आहे. पण तो निरोप आयसीएमपी नावाच्या प्रकारात जातो, आणि पिंगही त्याच प्रकारातलं. पिंग बंद केलं की आपण सुरक्षित, अशी एक समजूत फायरवॉल सांभाळणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. बँकेच्या दारात आमचा निरोप केराच्या टोपलीत जातो. बँक वाट बघते, तेच पाकीट पुन्हा पाठवते. दोन्ही बाजू आपापल्या परीने अगदी बरोबर वागतायत आणि साईट उघडत नाही.

खात्रीसाठी १,४७२ बाइटचं पिंग, तुकडे न करण्याच्या अटीवर. २० आणि ८ मिळवून भरतं १,५००. नाकारलं. १,४६४ चं: गेलं. फरक आठाचा.

"तुम्ही राऊटर बदललात का?"

"हो, मागच्या आठवड्यात. जुन्याची रेंज येत नव्हती. ऑनलाइन घेतला, मस्त आहे." क्षणभराने, "तेव्हापासूनच का?"

जुन्या राऊटरमध्ये एक खूण केलेली होती, नव्यात ती नाही. ती खूण केली, की राऊटर तीन पावलांच्या नमस्कारातल्या पहिल्याच पॅकेटमध्ये हात घालतो. संगणकाने तिथे लिहिलेलं असतं, "मला १,४६० पर्यंतचे तुकडे चालतील." राऊटर ते खोडून १,४५२ करतो. १,५०० वजा ८, वजा २०, वजा २०. बँक बिचारी समजते की संगणकच लहान घास मागतोय, आणि लहान घास देते. मी नव्या राऊटरमध्ये खूण करते. मदतनीस साईट उघडतो. "आली! मॅडम, आली!"

यूट्यूब का चालत होतं, हे त्याला सांगायचं राहून जातं. गुगलच्या सेवा बऱ्याचदा टीसीपी वापरतच नाहीत, क्विक वापरतात. ती २०२१ मध्ये प्रमाण म्हणून पक्की झाली. तिच्या कर्त्यांनी इंटरनेटच्या अशा बोळांचा पुरता अनुभव घेतलेला. म्हणून ती १,२०० बाइटच्या आसपासच्या पॅकेटने सुरुवात करते, रुंद वाट सापडली तरच वाढते. शिवाय ती आपली टीसीपीसारखी सगळी हिशेबवही कुलूपबंद ठेवते, म्हणजे मधल्या राऊटरला हात घालताच येऊ नये. माझ्यासारख्यांच्या खाडाखोडीवर काढलेलाच उपाय आहे तो. मला त्याचा राग यायला हवा, पण येत नाही. आम्ही मधल्यांनी वरच्या थराची पत्रं इतकी वर्षं उघडली, की त्यांनी शेवटी लाख लावली.

दुपारी ४:३०

नवी मुलगी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसणार आहे. सात थर पाठ करतेय: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. "मॅडम, सेशन आणि प्रेझेंटेशन आपल्याला रोज कुठे लागतात?"

कुठेच नाही. ते सात थर आयएसओच्या समितीने १९८४ मध्ये छापले, तोवर दुसरीकडे काम सुरूही झालं होतं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा लेख १९७४ चा. त्यात टीसीपी हा एकच गठ्ठा होता, पत्ताही त्यातच आणि पोचपावतीही त्यातच. मग आवाज पाठवण्याचे प्रयोग करणारे डॅनी कोहेन यांच्यासारखे लोक कुरकुरू लागले. बोलण्यातला एक शब्द गळला तर गळू दे, तो पुन्हा मागवून उशिरा ऐकवलास तर काय उपयोग? ऑगस्ट १९७७ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टिपण लिहून स्पष्ट सांगितलं, की टीसीपीकडून दोन थरांची कामं करून घेणं चूक आहे. १९७८ मध्ये गठ्ठा फोडला. खाली आयपी, वर टीसीपी, आणि ज्याला हिशेब नको त्याच्यासाठी शेजारी यूडीपी. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वज जाळं, नव्या पद्धतीवर आलं. म्हणजे हे थर कुणी आधी आखून दिले नव्हते. एकात दोन कामं कोंबल्यावर अडलं, तेव्हा पडले.

"आणि आपल्याकडे?" ती विचारते.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी आणि आयआयटी त्यात अगदी पहिल्यापासून होत्या. अर्नेटच्या कण्यावर काही काळ दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालल्या, आयएसओवाल्यांची आणि टीसीपी-आयपी. १९९५ पासून जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर गेली. आयएसओची पद्धत हरली, तिचे क्रमांक मात्र उरले. आजही मी मामांना "लेअर वन आहे" म्हणते आणि सातपूरच्या प्रकाराला "लेअर टू". परीक्षेपुरते पाचवा-सहावा पाठ कर, मी तिला सांगते.

संध्याकाळी ६

शाळा, ऑफिसं, कारखाने घरी परततात आणि आलेख चढू लागतो. तक्रारींचा सूर बदलतो. आता "बंद" नाही, "स्लो". "२०० चा प्लॅन आहे, ३५ येतंय." मोबाईल कुठल्या खोलीत, राऊटर कुठल्या? मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट.

वाय-फायची फ्रेम हवेत वारंवार गळते. टीसीपीची समजूत अशी, की पॅकेट गळलं म्हणजे रस्त्यावर गर्दी आहे, वेग कमी करा. ही समजूत टीसीपीला मोठ्या अपघातानंतर शिकवावी लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन जागांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. सगळे हरवलेलं पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी वाढत होती, आणखी हरवत होतं. मघाच्याच जेकबसन यांनी १९८८ च्या लेखात उपाय मांडला: हळू सुरू करा, गळालं की मागे सरा. पण कपाटाआड गळालेली फ्रेम म्हणजे गर्दी नव्हे, आणि हे टीसीपीला कळायला मार्ग नाही, कारण खालच्याला विचारायचं नाही असा करार आहे. म्हणून वाय-फाय आपली फ्रेम स्वतःच गुपचूप पुन्हा पाठवतं. तेच काम दोन थरांत दोनदा होतं, आणि कुणी बोलत नाही.

राऊटर हॉलमध्ये आणा, मी सांगते. कपाट हलवायला कुणी तयार नसतं.

मधेच चार फोन एकदम येतात आणि मी आधी बातम्या बघते. ही सवय ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्रीची. फेसबुकच्या आतल्या जाळ्याच्या देखभालीतली एक आज्ञा चुकली, डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्या वाटा इंटरनेटवरून स्वतःच मागे घेतल्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं सुमारे सहा तास गायब. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती. आमचं नेट त्या रात्री ठणठणीत होतं आणि लोक आम्हाला शिव्या घालत होते. आज तसं काही नाही, एका सोसायटीच्या जिन्यातला स्विच कुणीतरी मोबाईल चार्जिंगसाठी काढलाय.

संध्याकाळी ७

रात्रपाळीचा मुलगा येतो. टिकिटं बंद करायला खिडकी उघडते. कारणाच्या रकान्यात पाच पर्याय आहेत: वीज, फायबर, ग्राहकाचं यंत्र, अपस्ट्रीम, इतर. पंचवटी, वीज, आपोआप सुटलं. दिंडोरी रोड, फायबर. सातपूर, ग्राहकाचं यंत्र. द्राक्षवाले भाऊ स्थिर पत्ता घेतायत, ते विक्री विभागाकडे.

अंबड कशात घालायचं? राऊटरची खूण राहिली हे खरं, पण त्या खुणेची गरज पडू नये असं बँकेच्या फायरवॉलने वागायला हवं होतं. आणि आठ बाइट आमचे. मी "इतर" निवडते, शेऱ्यात चार ओळी लिहिते.

"बँकेला कळवलंत?" मुलगा वाचून विचारतो.

कळवलं. पॅकेटच्या नोंदींसह, नेमका कुठला निरोप अडवू नये ते लिहून. दीड तासात उत्तर आलंय: कृपया ब्राउझरची कॅशे साफ करून पुन्हा प्रयत्न करावा.